साखळी, तारदोर आणि वंगण

दसरा-दिवाळी आटोपली म्हणजे बीड जिल्ह्यांतील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज या तालुक्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघतात. कोणाची बैलगाडी, तर कोणाचा ट्रॅक्टर व त्यामागें ट्रॉल्या. जातांना ट्रॉलीवर भांडींकुंडीं, धान्याचीं पोतीं आणि त्यांवर बसलेलीं लेंकरें असतात. तेथें पोंचल्यावर तीच ट्रॉली उसानें भरते. भार कोणताही असो, तो धरून ठेवते ती साखळी, तारदोर किंवा आवळण्याचा पट्टा. त्यांची निगा ही चैनीची बाब नव्हे.

ऊस हा लोखंडाचा वैरी आहे. मोळींतून पाझरणारा रस चिकट असतो. तो आंबला म्हणजे आम्लयुक्त होतो, आणि आम्ल लोखंड खातें. त्यावर रस्त्याची धूळ बसली, कीं कानशीचें काम सुरू झालें. म्हणून वंगणापूर्वीं धुणें, घासणें व वाळविणें हें पहिलें काम. मळावर ओतलेलें तेल मळच पोसतें.

तारदोर बहुधा ६ पेडांचा असून मध्यें गाभा असतो. भार पडतांच तारा एकमेकींवर घासतात. गंज आंतून लागतो आणि बाहेरून दिसत नाहीं. जाड ग्रीस वर थापलें तर तें आंत शिरत नाहीं, उलट ओल कोंडून ठेवतें. यासाठीं पातळ, झिरपणारें तेल लावून जादा तें पुसावें. आवळण्याच्या तरफेच्या खिळीला व पेचाच्या आट्यांना वंगण हवेंच. सुका पेच पुरता आवळत नाहीं. हाताला लागणारा जोर मात्र बांधणी घट्ट झाल्याचा भास करून देतो. कापडी पट्ट्यास तेल लागूं देऊं नये. तें फक्त त्याच्या खटक्याला.

वंगणानें झीज मंदावते, झालेली भरून येत नाहीं. लांबलेली कडी, तारा तुटलेला दोर, उसवलेला पट्टा हे मोडींतच काढावे. तुटकी कडी तारेनें जोडून वेळ मारून नेणाऱ्याची चूक मागून येणाऱ्या सायकलस्वाराला भोंवते.

गाडी कांहीं अंतर चालली म्हणजे ऊस दबतो व बांधणी सैल पडते. म्हणून धारूरसारखा घाट लागण्यापूर्वीं जाणता गाडीवान थांबून ती पुन्हा आवळतो. हंगाम संपल्यावर साखळ्या अंगणांत फेकून न देतां, धुऊन, तेल देऊन कोरड्या जागीं टांगाव्या. पावसाळा त्यांना तेथेंच काढावयाचा असतो.