करवंटीचा डवला आणि बाबांचा साब



मला हातकामावर बोलायला सांगितले आहे. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. लोहारही नाही, सुतारही नाही. पण वाक्वातल्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये माझे थोरले बंधू चाकू आणि लाकडी चमचे बनवतात. शनिवारी मी त्यांच्या हाताखाली असते. तिथे पाहिले-केले तेवढेच सांगते.

1834 पासून 1910 च्या सुमारापर्यंत गिरमिटाची माणसे या बेटावर उतरली. आमचे पूर्वज रत्नागिरीकडचे. बोटीतून सामान ते किती येणार! पण नारळ जसा कोकणात तसा इथेही होता. करवंटीला समोरासमोर दोन भोके पाडून बांबूची काठी घातली की डवला तयार. आजीकडे तीन डवले होते, आमटीचा, भाताचा आणि नैवेद्याचा, आणि ते एकमेकांत मिसळलेले तिला चालत नसत. आज आपण सगळेच कालचूल म्हणतो. तो भोजपुरी शेजाऱ्यांकडून आलेला शब्द, त्यात वाईट काही नाही. पण वर्गात करवंटी दाखवली तर मुले विचारतात, "मिस, हे खायचं का?"

दादा लाकूड विकत आणत नाहीत. चक्रीवादळानंतर पडलेल्या फांद्या, आंबा, फणस, लिची, जे मिळेल ते. चिनी पेरू तर आपल्या रानात इतका माजला आहे की मूळची झाडे वाचवण्यासाठी तो उपटून काढतात. त्याचे लाकूड कठीण आणि चिवट, चमच्याला उत्तम.

काम ओल्या लाकडातच सुरू करायचे, सुकले की हात दुखतात. ओंडका मधोमध फोडायचा आणि गाभा काढून टाकायचा. गाभा राहिला तर चमचा हमखास तडकतो. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने जायला हव्यात, आडव्या गेल्या तर दांडा कढईतच मोडेल. बाहेरचा आकार कुऱ्हाडीने, खोलगट भाग वाकड्या सुरीने. मग उन्हात नाही, सावलीत, कागदात गुंडाळून दोन-तीन आठवडे. लाकडाची टोके आधी सुकतात आणि मधला भाग ओला राहतो, म्हणून घाई केली की चिरा पडतात. शेवटी कानसकागद मारायचा, पाण्याने ओला करायचा, उठलेली कूस पुन्हा घासायची. तेल त्यानंतर.

चाकूचे काम वेगळे. जुन्या लॉरीच्या कमानीचा पाटा तापवून, ठोकून आकार देतात. मग तो लाल होईपर्यंत तापवतात. लोहचुंबक चिकटेनासा झाला की थोडे आणखी तापवायचे आणि तेलात बुडवायचे. याला पाणी देणे म्हणतात, जरी बुडवतात तेलात. आता पोलाद काचेसारखे असते, खाली पडले तर तुकडे. म्हणून घासून चकचकीत करून वहिनींच्या ओव्हनमध्ये सुमारे 200 अंशांवर ठेवतात (वहिनींचे यावर स्वतंत्र मत आहे). पाते सुक्या गवताच्या रंगावर आले की काढायचे. जांभळे-निळे झाले तर धार टिकत नाही. दादांना मोतीबिंदू झाल्यापासून हा रंग त्यांना दिसत नाही. आता ओव्हनपाशी मी बसते आणि सांगते, "पिवळा, दादा. अजून पिवळाच."

आता बाबांच्या साबाबद्दल. उसतोडीच्या कोयत्याला आपण क्रेओलमध्ये साब म्हणतो. बाबा आयुष्यभर ऊस तोडत. 2006 पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्के उतरवला, कारखाने मिटत गेले, आमच्या बाजूचाही मिटला. बाबा गेल्यावर साब शेडमध्ये राहिला. घासून घासून पाते निम्मे झालेले, मुठीवर अंगठ्याचा खळगा. धाकटी बहीण म्हणाली, काचेच्या पेटीत ठेवू. दादा म्हणाले, कापून भावंडांना एकेक चाकू करू. वर्षभर घरात बोलाचाली नीट नव्हत्या.

मी दादांच्या बाजूची. बाबांनी साब कधी शोभेला टांगला नाही. रोज संध्याकाळी धार लावायचे, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हळदकुंकू वाहायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत उसात. पण धाकटीचे म्हणणे खोटे होते असे मी म्हणणार नाही. कापलेली वस्तू परत जोडता येत नाही.

शेवटी पाते कापले आणि मूठ तशीच तिला दिली. साबाच्या पोलादाला आधीच पाणी दिलेले असते, त्यामुळे घासताना ते तापू द्यायचे नाही, दोन-तीन फेऱ्यांनी पाण्यात बुडवायचे. तीन दिवस लागले. चार चाकू निघाले, मुठी फणसाच्या. माझ्या चाकूने मी रोज भाजी चिरते. तो गंजतो, पुसून तेल लावावे लागते. धाकटीने तिचा चाकू अजून नेलेला नाही. तो शेडमध्ये फडक्यात गुंडाळून ठेवला आहे, आणि दादा महिन्याला त्याला तेल लावतात.

शाळेत चाकू नेता येत नाही, ते बरोबरच आहे. मी सहावीच्या मुलांना अर्धवट झालेले चमचे आणि कानसकागद देते. घासता घासता डवला, पळी, उलथने, रवी, विळी हे शब्द तोंडात बसतात. दोन मुली तर आता लाकडाची रेषा माझ्याआधी ओळखतात.

बाहेर मेजावर काही चमचे, दोन डवले आणि माझा चाकू ठेवला आहे. चमचे हातात घेऊन पाहा. चाकूपाशी लहान मुलांना एकटे सोडू नका. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी शनिवारी सकाळी नऊनंतर यावे, बंद बूट घालून. दादा नऊच्या आधी कोणाशी बोलत नाहीत.