छापील शब्दाला पुरावा हवा
(जामसांवली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आडत्याने काटा मारला, तलावाच्या ठेकेदाराने मासळीचा हिशेब बुडवला, असे इथे मारुतीच्या पायरीवर बसून आपण रोज बोलतो. ते बोलणे वाऱ्यावर जाते. तेच वर्तमानपत्रात छापले की कायदा दारात उभा राहतो. म्हणून आज कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणाची हकीकत सांगतो.

१८८१ च्या जानेवारीत पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’ आगरकर पाहत, ‘मराठा’ टिळक. दोघेही पंचविशीच्या आसपासचे, दोघेही आमच्यासारखे मास्तर. त्या वेळी कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून बंदोबस्तात ठेवले होते. त्यांचा छळ चालला आहे, अशी लोकांत कुजबुज होती. दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावची काही पत्रे या दोघांच्या हाती आली. त्यांवर विसंबून त्यांनी दिवाणांवर कडक टीका छापली. दिवाणांनी बदनामीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट निघाली!

दोघांनी माफी मागितली, पण खटला थांबला नाही. जामिनाची गरज पडली तेव्हा जोतीराव फुल्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांची हमी दिली. फुल्यांची आणि या मंडळींची मते किती वेगळी, हे ध्यानात घ्या. १७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची साधी कैद झाली. टिळकांना सत्ताविसावे वर्ष डोंगरीच्या तुरुंगातच लागले. १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, दोघे सुटले.

पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी नगरच्या किल्ल्यात पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराज वारले. म्हणजे लोकांची काळजी पोकळ नव्हती, पोकळ होते ते कागद. मला विचाराल तर संपादकांची चूक होतीच. हेतू चांगला म्हणून खोटे पत्र खरे होत नाही.

आता हा कायदा आला कुठून? विलायतेतून. तिथे १७६३ साली जॉन विल्क्स याने राजाच्या भाषणावर टीका छापली, तर कुणाचेही नाव न घातलेले वॉरंट काढून चाळीसच्या वर माणसे धरली. छापणारेसुद्धा सुटले नाहीत. फौजदारी खटल्यात मजकूर खरा आहे असे म्हणायची सोयच नव्हती. उलट खरे असेल तर गुन्हा मोठा, असे न्यायाधीश मानत! लेख बदनामीचा आहे की नाही हे ठरवायचा हक्क पंचांना १७९२ साली मिळाला. सत्य आणि लोकहित हा बचाव तर १८४३ साली आला. आपल्याकडे तो १८६० च्या दंडसंहितेत पहिल्यापासून होता. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, तिच्या ३५६ व्या कलमातही तो आहे. हे दार आगरकर-टिळकांना उघडे होते. आत न्यायला खरा कागद मात्र नव्हता.

मागे एक संत्रा-बागाईतदार माझ्याकडे आला. म्हणाला, “गुरुजी, आडत्याविरुद्ध पेपरात लिहून द्या.” मी विचारले, तारीख कोणती, माल किती, पावती कुठे? रागावून निघून गेला. तिसऱ्या दिवशी तीन पावत्या घेऊन आला. मग आम्ही लिहायला बसलो.