डोक्याचा मार आणि मागाहून येणारे फेफरे



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा आम्ही तळोज्याच्या कारखान्यांच्या दारात शिकलो. तेव्हा जे सांगणार आहोत ते वाचलेले थोडे आणि पाहिलेले अधिक.

आपले खारघर पाहा. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे येथे इमारतींमागून इमारती उठल्या. त्या कुणीतरी परांचीवर चढून बांधल्या. शीव-पनवेल रस्त्यावर दुचाक्यांची रीघ असते. परांचीवरून वा दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागतो, टाके पडतात, माणूस बरा होऊन घरी येतो. घरचे म्हणतात, सुटलो! परंतु मेंदूत कधी कधी व्रण राहतो. त्या व्रणाजवळच्या पेशी एखाद्या दिवशी ताळ सोडून एकदमच पेटतात, आणि फेफरे येते. हे आठवड्यात घडेल, वर्षाने घडेल, कित्येक वर्षांनीही घडेल. मार जितका भारी, तितका धोका अधिक.

आमच्या ओळखीचा एक गवंडी परांचीवरून पडला. दीड महिन्याने कामावर आला. दीड वर्षाने कामावरच त्याला झटका आला. ठेकेदार म्हणाला, "हा घराण्यातला रोग," आणि हजेरीपटावरचे नाव खोडले. घराण्यात कुणालाही फेफरे नव्हते. पण पहिल्या अपघाताची नोंद कुठेच नव्हती. दवाखान्याची चिठ्ठीही हरवली होती. भरपाई मिळाली नाही. अपघात आणि आजार यांच्यामधला धागा असा तुटतो, आणि दोष रोग्याच्या माथी बसतो.

हा प्रकार नवा नव्हे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेत रेल्वेसाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा मुकादम फिनिअस गेज याच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कवटी फोडून बाहेर पडली. तो वाचला. पुढे चिली देशात त्याने कित्येक वर्षे घोडागाडी हाकली. १८६० साली, म्हणजे अकरा वर्षांनी, त्याला झटके येऊ लागले आणि त्यातच तो गेला. आजची औषधे त्या वेळी नव्हती. आज नियमित औषधाने सुमारे ७० टक्के रोग्यांचे झटके थांबू शकतात. आमचा गवंडीही गोळी चुकवत नाही. उंचावर चढत नाही, गाडी चालवत नाही. गोदामात मालाची मोजदाद करतो आणि घर चालवतो.

मग आपण काय करावे? अपघात किरकोळ वाटला तरी नोंद करून घ्यावी, केसपेपर जपून ठेवावा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात दाव्याला अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती. सबळ कारण असल्यास उशीर माफ करण्याची सोयही होती. पण कारण दाखवायला कागद लागतो. कायदा बदलला तरी कागदाची गरज संपलेली नाही.

कुणास झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांहून लांबला तर तत्काळ रुग्णालय गाठा. आणि बरे वाटले म्हणून गोळ्या मनानेच बंद करू नका.

शेवटचे, चार लोकांत बोलायचे. हिंदू विवाह कायद्यातून फेफऱ्याचा अडसर १९९९ साली निघाला. आपल्या मनातून तो निघायचा आहे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली. तोच दिवस दरवर्षी राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळतात. त्या गाडीत उद्या शेजारचा प्रवासी कोसळला, तर दूर सरकू नका. त्याला कुशीवर वळवा आणि तो शुद्धीवर येईतो जवळ थांबा. आमची विनंती एवढीच आहे.