पेशीचा निरोप, पटकी आणि जलसंजीवनी

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



२०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉबर्ट लेफ्कोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना जी-प्रथिनाशी जोडलेल्या ग्राहींवरील संशोधनासाठी मिळाले, हे तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. आज त्यापुढचा प्रश्न विचारू. पेशीपटलावरील प्रथिनांच्या या अभ्यासाचा आणि आपल्या देशाने पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या पटकीचा, म्हणजेच कॉलऱ्याचा, संबंध काय?

निरोप आत कसा जातो?

माणूस घाबरला की ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक हृदयाच्या पेशींपर्यंत पोहोचते आणि ठोके वाढतात. मात्र ते पेशीत शिरत नाही. संप्रेरक बाहेर राहते आणि आत ‘चक्रीय एएमपी’ हा दुसरा दूत तयार होतो, हे अर्ल सदरलँड यांनी दाखवून दिले. त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले. या दोन दूतांमधील दुवा म्हणजे जी-प्रथिन. त्याच्या शोधासाठी मार्टिन रॉडबेल व आल्फ्रेड गिलमन यांचा १९९४ मध्ये गौरव झाला.

जी-प्रथिन हे विजेच्या खटक्यासारखे काम करते. त्याला जीडीपी चिकटलेला असताना खटका बंद असतो. हा जीडीपी राष्ट्रीय उत्पन्नाचा नव्हे, ग्वानोसिन डायफॉस्फेटचा! ग्राहीला निरोप मिळाला की जीडीपी सुटतो, त्याच्या जागी जीटीपी येतो आणि खटका सुरू होतो. काही वेळाने जी-प्रथिन स्वतःच जीटीपीचे विघटन करते व खटका पुन्हा बंद होतो.

लेफ्कोविट्झ यांनी १९६८ मध्ये संप्रेरकांना किरणोत्सारी आयोडीन जोडून ग्राहींचा माग काढण्यास आरंभ केला. त्या काळी अनेक शास्त्रज्ञांना ग्राही ही केवळ सोयीची कल्पना वाटत असे. १९८६ मध्ये त्यांच्या गटाने, त्यात कोबिल्काही होते, ॲड्रिनॅलिनच्या बीटा ग्राहीचे जनुक मिळवले. या ग्राहीची साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते आणि डोळ्यातील प्रकाशग्राही ऱ्होडोप्सिनशी तिचे साम्य आहे, असे आढळले. म्हणजे प्रकाश व संप्रेरक या भिन्न निरोपांचे ग्राही एकाच कुळातील निघाले. २०११ मध्ये कोबिल्का यांच्या गटाने ग्राही जी-प्रथिनाला सक्रिय करतानाची रचना क्ष-किरणांच्या साह्याने टिपली. आज वापरातील सुमारे एक-तृतीयांश औषधे याच कुळातील ग्राहींवर काम करतात.

अडकलेला खटका

निरोप पोहोचणे जितके आवश्यक, तितकेच तो वेळीच थांबणेही आवश्यक असते. पटकीत नेमके हेच बिघडते. पटकीचे जंतू स्वतः नव्हे, तर त्यांनी सोडलेले विष आतड्यातून पाणी बाहेर काढते, हे कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. हे विष पेशीवरील जीएम१ या शर्करायुक्त मेदाला चिकटते. त्याचा एक भाग आत शिरून जी-प्रथिनात असा रासायनिक बदल घडवतो की, त्याला जीटीपीचे विघटन करता येत नाही. खटका सुरूच राहतो, चक्रीय एएमपी वाढत जाते, पेशी क्लोराइड बाहेर टाकतात आणि त्यामागोमाग पाणी वाहून जाते. उपचार न मिळाल्यास रुग्ण काही तासांत दगावू शकतो. पुढे हेच विष प्रयोगशाळेत जी-प्रथिन ओळखण्याचे साधन बनले.

दुसरे दार

अडकलेला खटका बंद करणारे औषध हाती नसताना रुग्ण वाचवायचा कसा? ग्लुकोज व सोडियम आतड्यात एकत्रितपणे शोषले जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली होती. पटकीतही हे दार उघडे असते आणि त्यातून क्षारांबरोबर पाणीही शरीरात परत येते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण रुग्णांना तोंडाने पाजले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांखाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

२००२ पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार १ लिटर जलसंजीवनीत ग्लुकोज व सोडियम प्रत्येकी ७५ मिलिमोल असतात. त्यातील साखर चवीसाठी नसून सोडियमला आत नेण्यासाठी आहे. म्हणूनच पुडी सांगितलेल्या मापाच्याच स्वच्छ पाण्यात विरघळवावी, असा आग्रह आरोग्यसेविका धरतात.

मित्रहो, उद्या प्रशासनात गेल्यावर तुमच्यापुढे मूलभूत संशोधनाच्या निधीचे प्रस्ताव येतील आणि गावोगावी जलसंजीवनीच्या पुड्या पोहोचवण्याचे कामही येईल. यांपैकी एकाला चैन आणि दुसऱ्याला किरकोळ बाब समजू नका. प्रयोगशाळेने दाखवलेले दार रुग्णासाठी उघडायचे, तर पुडी त्याच्या घरी वेळेवर पोहोचली पाहिजे.