विचारायचं की मागायचं? इंग्रजी ‘आस्क’ आणि त्याचे भाऊबंद

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज उदाहरणं भरपूर आहेत.

विषय आहे इंग्रजीतून ‘विचारणे’. दिसायला साधं क्रियापद. पण गिरगाव, लालबाग, परळच्या मराठी शाळांतून शिकून नोकरीला लागलेली आपली कितीतरी मुलं मीटिंगमध्ये नेमकी इथेच अडतात. काम येत असतं, शंकाही बरोबर असते. पण ‘आस्क’ म्हणू, ‘रिक्वेस्ट’ म्हणू की ‘एन्क्वायर’? उद्धट वाटेल का? लाचार वाटेल का? एवढा विचार होईपर्यंत मीटिंग संपते, आणि प्रश्न मनातच राहतो.

मोबाईलवर समानार्थी शब्द शोधले की यादी येते: आस्क, एन्क्वायर, क्वेरी, क्वेश्चन, रिक्वेस्ट, डिमांड, इंटरॉगेट. पण यातला कुठलाही शब्द उचलून कुठेही बसवता येत नाही. कारण यातले बरेचसे शब्द विचारणारा कुठे उभा आहे तेही सांगून जातात: समोरच्याच्या वर, खाली की बरोबरीने.

सुरुवात ‘आस्क’पासून. मराठीत आपण उत्तर विचारतो आणि वस्तू मागतो. दोन वेगळी क्रियापदं. इंग्रजीत दोन्ही कामं ‘आस्क’च करतो, आणि फरक दाखवतो तो पुढचा छोटा शब्द. ‘ही आस्क्ड मी अबाउट द मनी’ म्हणजे त्याने पैशांबद्दल विचारलं. ‘ही आस्क्ड मी फॉर द मनी’ म्हणजे त्याने पैसे मागितले. चाळीत शेजाऱ्याबद्दल बोलताना हा शब्द चुकला, तर काय होईल ते मी सांगायला नको! तिसरा प्रकार ‘आस्क आफ्टर’. ‘शी आस्क्ड आफ्टर युअर मदर’ म्हणजे तिने तुझ्या आईची विचारपूस केली. आपल्या ‘विचारपूस’मधलं ‘पूस’ म्हणजे जुन्या मराठीतलं ‘पुसणे’, अर्थात विचारणेच. हिंदीतलं ‘पूछना’ त्याचंच भावंडं.

आता मराठीतून आपोआप येणाऱ्या तीन सवयी. ‘त्याला विचार’ यातल्या ‘ला’मुळे आपण ‘आस्क टू हिम’ म्हणतो. तिथे ‘टू’ लागत नाही, नुसतं ‘आस्क हिम’. दुसरी सवय, ‘आस्क हिम व्हेअर इज द फाइल’. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की शब्दांचा क्रम सरळ होतो: ‘आस्क हिम व्हेअर द फाइल इज’. तिसरी, ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. ‘रिक्वेस्ट’ क्रियापद असेल तर ‘फॉर’ नको. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ असं नाम असेल तर चालतं.

पुढचा शब्द ‘एन्क्वायर’. स्टेशनवर आपण ‘चौकशी’ची पाटी बघतो, तीच इंग्रजीत ‘एन्क्वायरी’. गंमत बघा, गाडी किती वाजता आहे ही पण चौकशी, आणि साहेबांच्या मागे लागते ती पण चौकशीच. ब्रिटिश इंग्रजीत बरेच जण या दोन अर्थांसाठी स्पेलिंग वेगळं ठेवतात. साधी विचारणा असेल तर सुरुवात ‘ई’ने, अधिकृत तपास असेल तर ‘आय’ने. अमेरिकेत बहुतेक वेळा दोन्हीकडे ‘आय’च. आणि ‘आय एन्क्वायर्ड हिम’ असं होत नाही, ‘आय एन्क्वायर्ड अबाउट द कोर्स’ असं होतं. मित्राला व्हॉट्सॲपवर ‘एन्क्वायर’ करू नका, तिथे ‘आस्क’च बरा.

‘क्वेश्चन’ नाम असेल तर निरुपद्रवी आहे. क्रियापद झालं की धार येते. ‘आय क्वेश्चन्ड माय मॅनेजर’ याचा अर्थ मॅनेजरला प्रश्न विचारला एवढाच होत नाही, जाब विचारला असा होतो. ‘क्वेरी’चंही तसंच. आम्ही डेटाबेसला दिवसभर क्वेरी मारतो, त्याला काही वाटत नाही. पण ‘दे क्वेरीड द बिल’ म्हणजे त्यांनी बिलावर शंका घेतली. ‘इंटरॉगेट’ तर पोलिसांचं काम.

शंकेवरून आठवलं. ‘आय हॅव अ डाउट’ हे आपल्या वर्गांत सर्रास चालतं, आणि सगळ्यांना कळतं. पण परदेशातल्या क्लायंटला त्यातून ‘तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही’ असं ऐकू येऊ शकतं. त्याच्यासमोर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

आता सगळ्यात नाजूक जोडी, ‘रिक्वेस्ट’ आणि ‘डिमांड’. फ्रेंचमध्ये ‘देमांदे’ म्हणजे साधं विचारणं किंवा मागणं. इंग्रजीत आल्यावर तो शब्द ताठ झाला, हक्काने मागणं असा त्याचा अर्थ झाला. गिरणगावाला हा अर्थ शिकवावा लागत नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगारवाढीसारख्या त्यांच्या मागण्या इंग्रजीत ‘डिमांड्स’च होत्या. तिथे ‘रिक्वेस्ट’ लिहिलं असतं तर लढ्याचा अर्थच बदलला असता. तोच ‘डिमांड’ दोन दिवसांच्या रजेच्या ईमेलमध्ये टाकला, तर साहेबांना वाटेल गेटवर मोर्चा आलाय.

पण म्हणून ‘रिक्वेस्ट’ दुबळा शब्द आहे असं समजू नका. २००५चा माहिती अधिकार कायदा बघा. कलम ६ मध्ये नागरिकाच्या अर्जाला इंग्रजीत ‘रिक्वेस्ट’च म्हटलंय. दहा रुपये भरायचे, माहिती का हवी याचं कारण द्यायची गरज नाही, आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं अधिकाऱ्याला बंधनकारक. शब्द नम्र, हक्क पक्का. नम्रता आणि लाचारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या ईमेलमध्येही दिसायला हवं.

समजा, पगार अडकलाय. ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिलं तर काय हवंय तेच समोरच्याला कळत नाही. ‘आय डिमांड माय सॅलरी’ हे पहिल्याच ईमेलमध्ये जड होतं. ‘आय ॲम रायटिंग टू आस्क व्हेन माय जून सॅलरी विल बी पेड’. बस. मुद्दा स्पष्ट, सूर बरोबरीचा. उत्तर नाही आलं, तर ‘आय रिक्वेस्ट अ रिटन रिप्लाय बाय फ्रायडे’. तरीही टाळाटाळ झाली, तर ‘डिमांड’ राखून ठेवलेला आहेच. शब्द चढत्या क्रमाने वापरले की प्रत्येकाचं वजन राहतं.

तर लक्षात ठेवायला सोपं: उत्तर हवं, ‘आस्क’. वस्तू किंवा परवानगी हवी, ‘आस्क फॉर’ किंवा ‘रिक्वेस्ट’. जाब हवा, ‘क्वेश्चन’. हक्क अडवलाय, ‘डिमांड’. आणि काहीच सुचलं नाही तर बिनधास्त ‘आस्क’ म्हणा, तो क्वचितच दगा देतो. मीटिंगमध्ये गप्प बसण्यापेक्षा ‘कॅन आय आस्क समथिंग?’ हे चार शब्द पुरतात.

गृहपाठ: उद्या ऑफिसात किंवा कॉलेजात इंग्रजीतून एक प्रश्न मोठ्याने विचारा, आणि कुठला शब्द वापरलात ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात बघू ‘सांगणे’: से, टेल, इन्फॉर्म आणि मंडळी. तोपर्यंत विचारत राहा!