जुन्या गाड्यांचीं घरें

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांतील राजूर हें गांव कोळशाच्या खाणीमुळें व चुन्याच्या भट्ट्यांमुळें पंचक्रोशींत ओळखलें जातें. अशा गांवच्या मुलाला अक्षरांच्या आधीं चाकांची ओळख होते. कोळशानें भरलेली मालमोटार दारावरून गेली, कीं नुसत्या आवाजावरून तिची जात सांगणारीं पोरें तेथें असावयाचींच. परंतु त्याच पोराला विचारावें, 'पहिली मोटार कोणीं केली? ती येण्यापूर्वीं माल कसा जात असे? आणि मोटार म्हातारी झाली म्हणजे कोठें जाते?' पहिल्या दोन प्रश्नांना तो गप्प बसेल. तिसऱ्याला मात्र चटकन् म्हणेल, 'भंगारांत!'

श्रोतेहो, या एका शब्दांत आजच्या विषयाचें मर्म आहे. भंगलेली मूर्ति जपावी, जुनें नाणें जपावें, ताम्रपट जपावा, हें सुशिक्षित घरांना आतां पटलें आहे. मोटार मात्र अजून त्या पंक्तीला बसलेली नाहीं. ती झिजते, तिचें तेल गळतें आणि तिचें लोखंड वजनावर विकतां येतें; एवढ्यावरून तिची किंमत ठरते. वास्तविक बाजारहाट, वऱ्हाडांचें जाणेंयेणें, आजाऱ्याला दवाखान्यांत नेणें, या साऱ्या व्यवहारांचें रूप ज्या यंत्रानें पालटलें, त्या यंत्राचाही एक इतिहास आहे.

जर्मनींत कार्ल बेंझ यानें आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजीं नोंदविलें. तरी लोकांचा विश्वास बसेना. तेव्हां १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत त्याची पत्नी बेर्था दोन मुलग्यांना बरोबर घेऊन त्या गाडींतून मानहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या आईकडे निघाली. वाट सुमारें शंभर किलोमीटरांची. मध्येंच इंधन सरलें, तें विसलोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून घेतलें. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेनें मोकळी केली. ही हकीकत पुस्तकांत वाचून कौतुक वाटतें. पण सायकलीसारख्या बारीक चाकांचा तो उघडा सांगाडा, निदान त्याची हुबेहूब प्रतिकृति, डोळ्यांसमोर आली म्हणजे त्या बाईचें धैर्य केवढें होतें तें उमगतें. संग्रहालयाचें काम तें हेंच.

अशीं घरें केवळ परदेशांत असतात, हा समज खरा नाहीं. राजुराहून वणी-वरोरा मार्गें नागपूर गांठलें, कीं मोतीबाग येथें अरुंद रुळांच्या रेल्वेचें संग्रहालय आहे. तें १४ डिसेंबर २००२ रोजीं उघडलें. तें मोटारींचें नव्हे. परंतु मुर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या 'शकुंतले'च्या जिल्ह्यांतील मनुष्याला तेथें परकें वाटणार नाहीं. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथें लष्कराच्या चिलखती दलानें १९९४ सालीं रणगाड्यांचें संग्रहालय स्थापन केलें. तेथें सुमारें पन्नास वाहनें आहेत व त्यांत रोल्स-रॉइसची जुनी चिलखती मोटारही आहे. मुंबईंत बेस्टनें आणिक आगारांत आपल्या ट्राम-बसच्या आठवणी एकत्र मांडल्या आहेत. मुंबईची पहिली घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ची, पहिली बस १५ जुलै १९२६ ची, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ची. म्हणजे नव्वद वर्षांत एक संबंध युग आलें आणि गेलें. याहून लांब जाणाऱ्यास हरियाणांत तावडू येथें २०१३ सालीं उघडलेलें वाहतूक-संग्रहालय आहे.

अशीं कामें लहानापासून सुरू होतात. इंग्लंडांत ब्यूली येथें लॉर्ड मॉन्टेग्यू यानें १९५२ सालीं वडिलांच्या स्मरणार्थ आपल्या वाड्याच्या पुढल्या दालनांत अवघ्या पांच मोटारी मांडल्या. त्यांतून पुढें राष्ट्रीय मोटार-संग्रहालय उभें राहिलें. फ्रान्समधील म्युलूझची कथा उलट आहे. तेथील श्लुम्फ बंधु या गिरणीमालकांनीं चारशेंहून अधिक मोटारी गुपचूप जमविल्या. गिरण्या बुडाल्या, आणि १९७७ सालीं कामगारांनीं तो संग्रह ताब्यांत घेतला. आपल्या चुली विझत असतां मालकाच्या गाड्या मात्र झळकत होत्या, हें पाहून त्यांना काय वाटलें असेल! पुढें सरकारनें त्या संग्रहास संरक्षण दिलें व १९८२ सालीं तो सर्वांना खुला झाला. एकट्याच्या हौसेचें सार्वजनिक ठेव्यांत रूपांतर झालें, तेव्हांच तिला अर्थ आला.

महाराष्ट्रापुढें हा प्रश्न निकडीचा आहे. २०२१ सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांवरील खासगी दुचाकी-चारचाकींना वेगळा क्रमांक व मान दिला. उलट, पंधरा वर्षांहून जुनीं सरकारी व परिवहन महामंडळांचीं वाहनें १ एप्रिल २०२३ पासून मोडींत काढावयाचीं, असें ठरलें. जुनें वाहन धूर ओकतें व अपघातास कारण होतें, म्हणून तें रस्त्यावरून काढणें योग्यच. पण रस्त्यावरून काढणें निराळें आणि स्मृतींतून पुसणें निराळें. राजेरजवाड्यांच्या मोटारी टिकतील. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास गेलेल्या पहिल्या एस. टी. च्या वंशांतील लाल गाडी, वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं उभारलेल्या प्रीमियर कारखान्याची, ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईंतून निरोप घेतलेली काळी-पिवळी टॅक्सी, आणि राजूरचा कोळसा वाहणारी मालमोटार, यांचा वाली कोण?

त्यांना वाली मिळावयाचा तो सामान्य घरांतूनच. सुटींत मुलांना घेऊन संग्रहालयांत जावें, तिकिट काढावें. रिकामीं दालनें फार दिवस उघडीं राहत नाहींत. घरांतील जुना परवाना, गाडीसमोर काढलेलें छायाचित्र, कंडक्टरची तिकिटांची पेटी व पंच हें रद्दींत न टाकतां तारीख व गांव लिहून संग्रहालयास द्यावें. शाळेनें वर्षांतून एकदां गांवच्या निवृत्त ड्रायव्हरला वा मिस्त्रीला बोलवावें आणि मुलांनीं त्याचें बोलणें लिहून घ्यावें. कारण यंत्र एक वेळ गंजलेलें सांपडेल, पण तें चालविणाऱ्याचा अनुभव त्याच्याबरोबरच जातो. इमारतीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. वाचनालयांतील एक कपाट, त्यांत एक जुनें स्टीअरिंग, एक हॉर्न आणि चार ओळींची चिठ्ठी, एवढ्यानेंही आरंभ होतो.

मग राजूरच्या त्या पोराला पुन्हां कोणीं विचारलें, कीं म्हातारी मोटार कोठें जाते, तर तो भंगाराचें नांव घेईलच. पण क्षणभर थांबून म्हणेल, 'एक मात्र आम्हीं ठेवली आहे. चला, दाखवितों.'