घड्याळ लावले म्हणजे काय कळते?



कामगाराच्या पाठीशी कोणी घड्याळ धरून उभा राहिला, की आम्ही एकच विचारतो : नेमके काय मोजता? तोच प्रश्न आज बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकांविषयी विचारावयाचा आहे.

त्यांची परीक्षा अशी घेतात. एखादी अवघड स्थिती पटावर मांडावयाची आणि योग्य खेळी सापडण्यास किती वेळ लागला ते पाहावयाचे. ब्राट्को व कोपेक यांनी १९८२ साली अशा २४ स्थिती प्रसिद्ध केल्या; प्रत्येकीला दोन मिनिटे.

वेग येतो कशाने? पुढच्या साऱ्या शक्यता तपासणे कोणासच साधत नाही; म्हणून निरुपयोगी वाटतील त्या सोडून द्याव्या लागतात. त्याची एक युक्ती अशी : आपली पाळी सोडूनही आपणच वरचढ राहत असलो, तर तिकडे अधिक शोध करावयाचा नाही. हिशेब झटपट उरकतो. परंतु डावाच्या अखेरीस कधी कधी अशी पाळी येते, की जी खेळी करावी ती आपलाच घात करते. खेळू नये हेच हिताचे. पण नियम खेळावयास लावतो. तेथे ही युक्ती फसते. दहा ठिकाणी वेळ वाचविणारी कात्री अकराव्या ठिकाणी उत्तरच कापून टाकते.

डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरो व स्टॉकफिश यांच्या १०० डावांचा निकाल जाहीर झाला. स्टॉकफिश सेकंदास ७ कोटी स्थिती पाही, अल्फाझीरो अवघ्या ८० हजार. तरी अल्फाझीरोने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडविले. मात्र दोघांची यंत्रसामग्री सारखी नव्हती, ही तक्रारही रास्तच होती.

वेग निरर्थक आहे, असे आम्ही म्हणत नाही. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ साली महिला विश्वचषक जिंकला, तोही जलद डावांत. पण आपल्या गावचे डायमेकर आठवा. दागिन्याची डाय कोरण्यास वेळ लागतो. मग तिच्यावरून नग भराभर निघतात. केवळ नग मोजणारा कोरणाऱ्यास मंद ठरवील, आणि डाय नसेल तर त्याचा एकही नग निघणार नाही!

तेव्हा मित्रहो, कोणी आपला वेग मोजावयास आला तर खुशाल मोजू द्या. मात्र कोडे कोणी निवडले, साधने सारखी होती काय, आणि घाईत काय गाळले, हे विचारल्याखेरीज त्या निकालाखाली सही करू नका.